मालिका आणि तिची कादंबरी: नव्याने अभ्यासाला बसणाऱ्यांसाठी

विज्ञानकथेच्या मालिकेवरून लिहिलेली कादंबरी अभ्यासाला घेतली की वहीत आधी दोन रकाने पडतात: 'पडद्यावर' आणि 'पुस्तकात'. इथे प्रसंग गाळला, तिथे पात्र वाढवलं, सुरुवातच बदलली. वही भराभर भरते, पण त्यातून प्रबंध उभा राहत नाही. त्याला तिसरा रकाना लागतो, 'का'. माझ्या मते सगळा अभ्यास त्या रकान्यात आहे. या विषयाकडे वळणाऱ्यांना मी पहिल्याच भेटीत तो आखायला लावते.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. एम. ए.चा लघुप्रबंध याच विषयावर केला आणि आता परदेशी मालिकांचे मराठी डबिंगचे संवाद लिहिते. वाशी-नेरूळकडची मुलंमुली लोकलने ठाण्याला येतात, तलावपाळीवर बसून आम्ही बोलतो. त्यांना जे सांगते तेच इथे जरा सविस्तर मांडते आहे.

सुरुवात बीबीसीच्या 'डॉक्टर हू'पासून करा, म्हणजे काळात आणि अवकाशात यानातून फिरणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या प्रवाशाच्या मालिकेपासून. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली आणि तिच्या जुन्या कथांपैकी बहुतेकांची पुस्तकं निघाली. पहिलं पुस्तक १९६४चं, डेव्हिड व्हिटेकर यांचं. यंत्राच्या कवचात राहणाऱ्या डॅलेक नावाच्या जीवांची ही कथा. मूळ सात भाग टेरी नेशन यांनी लिहिलेले, आणि व्हिटेकर त्या वेळी मालिकेचे कथा-संपादक होते. म्हणजे मालिका त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? तरीही पुस्तकाची सुरुवात पाहा. मालिकेत इयान आणि बार्बरा एकाच शाळेत शिकवतात. सुझन नावाच्या विद्यार्थिनीचं गूढ उकलायला तिच्या मागे जातात आणि भंगाराच्या आवारात डॉक्टरच्या यानात शिरतात. हे सगळं डॅलेकच्या कथेच्या आधीच्या कथेत घडून गेलेलं असतं. पुस्तकात ती शाळाच नाही. लंडनमधल्या बार्न्स कॉमन या मोकळ्या माळावर दाट धुक्यात मोटारीला अपघात झालेला आहे आणि इयानला बार्बरा तिथे पहिल्यांदा भेटते.

का? मालिकेच्या भागाला मागचा भाग असतो, पुस्तकाला नसतो. आधीची कथा न पाहिलेला मुलगाही हे पुस्तक उचलणार होता, त्याच्यासाठी इयान, बार्बरा, सुझन आणि डॉक्टर या चौघांची भेट नव्याने घडवावी लागली. 

याहून मोठा बदल निवेदनात आहे. पुस्तकात सगळी गोष्ट इयान 'मी' म्हणून सांगतो. कॅमेरा कुठेही जाऊ शकतो. मालिकेत किरणोत्सर्गावरचं औषध आणायला सुझन एकटी डॅलेकांच्या ग्रहावरच्या मृत जंगलातून यानाकडे जाते आणि आपण तिच्याबरोबर असतो. इयान त्या वेळी डॅलेकच्या कोठडीत आहे. त्याच्या तोंडून सांगितलेल्या पुस्तकात तो प्रवास आपल्या डोळ्यांसमोर घडूच शकत नाही. तिला वाटेत काय भेटलं, ही पडद्यावरची धास्ती. ती परत येईल का, ही कोठडीतली धास्ती. प्रसंग तोच, पण भीतीची जागा बदलली. असा एक प्रसंग नीट उलगडून दाखवलात तर वीस फरकांच्या यादीपेक्षा तो जास्त बोलतो.

याच पुस्तकात डॅलेकांचा प्रमुख काचेच्या कवचात आहे, आतला जीव बाहेरून दिसतो. तेव्हाच्या मालिकेत असं काही नव्हतं. पडद्यावर काचेचा डॅलेक दिसला तो थेट १९८५मध्ये. खर्चाची चिंता लेखकाला नसते, हे तिसऱ्या रकान्यात वारंवार येणारं कारण आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. आतला जीव दाखवावा असं व्हिटेकरना का वाटलं, तेही लिहा.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं उदाहरण. माल्कम हल्क यांनी १९७०मध्ये याच मालिकेसाठी सात भागांची एक कथा लिहिली: माणसाच्या कितीतरी आधी पृथ्वीवर नांदलेली सरपटणाऱ्या बुद्धिमान जीवांची जमात जमिनीखाली निद्रेत असते, ती जागी होते आणि पृथ्वी परत मागते. १९७४मध्ये त्यांनीच तिची कादंबरी केली. पडद्यावर हे जीव म्हणजे रबरी पोशाखातले नट. ते जवळजवळ सारखेच दिसतात. श्रेयनामावलीत त्यांना नावं नाहीत, 'म्हातारा', 'तरुण', 'शास्त्रज्ञ' अशीच ओळख. कादंबरी मात्र सुरूच होते त्यांच्या बाजूने. एक लहान ग्रह पृथ्वीच्या दिशेने येतो आहे आणि ही जमात निद्रेत जाण्याच्या तयारीत आहे. मालिकेत जे एका संवादात सांगून होतं, ते इथे आपण त्यांच्यात उभं राहून पाहतो. आणि त्यांना नावं आहेत: म्हाताऱ्याचं ओकडेल, तरुणाचं मोर्का.

पुढे तरुण म्हाताऱ्याला मारतो. मालिकेत एका मुखवट्याने दुसऱ्या मुखवट्याला मारलेलं दिसतं, कथा पुढे सरकते. पुस्तकात ओकडेल मरतो, आणि आपण पहिल्या पानांपासून त्याला ओळखत असतो. शेवटी लष्कर गुहा उडवून देतं. पृथ्वी नक्की कोणाची, हा मालिकेतलाच प्रश्न तोवर वाचकाच्या अंगावर आलेला असतो.

नेरूळच्या एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "ताई, मग हे पुस्तक मालिकेशी प्रामाणिक म्हणायचं की नाही?" लेखक एकच आहे, दोन्ही त्याचंच. इथे प्रामाणिकपणाचं माप लावून हाती काही लागत नाही. मी तिला एवढंच सांगितलं की तोच माणूस दुसऱ्यांदा सांगताना कोणाच्या बाजूला जाऊन बसला, ते बघ.

सगळ्यांना अशी मोकळीक नव्हती. टेरन्स डिक्स यांनी या मालिकेची साठाहून अधिक पुस्तकं लिहिली. ती बहुतेक १२८ पानांच्या आसपासची. चार भागांची कथा त्यात बसते, सहा-सात भागांची दाटीवाटीने. म्हणून गाळलेल्या प्रसंगामागे दर वेळी खोल कलात्मक हेतू शोधू नका, पानं मोजा. डिक्स यांचं मला वाटणारं मोठेपण आवाजात आहे. यान प्रकट होतानाचा तो प्रसिद्ध आवाज ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या तारांवर किल्ली घासून घडवला होता. कागदावर आवाज नसतो. डिक्स यांनी त्याच्यासाठी धाप लागल्यासारखा, कण्हल्यासारखा अशा अर्थाची दोन विशेषणं पक्की केली आणि पुस्तकामागून पुस्तकात तीच वापरली. वाचणाऱ्या मुलांना ती पानावर दिसली की यान आल्याचं कळायचं.

'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेकडे वळताना एक सावधगिरी हवी. जेम्स ब्लिश यांनी तिच्या भागांच्या कथा केल्या, पहिला संग्रह १९६७चा, मालिकेचं पहिलं पर्व चालू असतानाचा. त्यांच्यासमोर प्रक्षेपित भाग नसत, पटकथा असत. चित्रीकरणात वाक्यं बदलतात, प्रसंग कापले जातात. पटकथेत ते तसेच राहतात. तेव्हा 'ब्लिश यांनी बदललं' असं लिहिण्याआधी, आधीच्या मसुद्यात ते होतं का याचा शोध घ्या. हार्लन एलिसन यांनी लिहिलेल्या गाजलेल्या भागाच्या वेळी तर ब्लिश यांनी मूळ पटकथा आणि प्रक्षेपित रूप यांचा जाणीवपूर्वक मेळ घातला आणि तसं सांगितलंही. तुमच्या डाव्या रकान्याचं नाव 'पडद्यावर' की 'पटकथेत', हे आधी ठरवा.

'डॉक्टर हू'च्या बाबतीत तर कधी कधी पडदाच हाती नसतो. बीबीसीने साठच्या दशकातल्या अनेक भागांच्या टेप पुसल्या. घरी टेपरेकॉर्डरवर प्रेक्षकांनी ध्वनी टिपून ठेवला म्हणून संवाद उरले. घरोघरी व्हिडिओ नसलेल्या त्या काळात एकदा दाखवलेली कथा पुन्हा अनुभवायची तर पुस्तकाशिवाय मार्ग नव्हता. या पुस्तकांना केवळ मालिकेची पुरवणी म्हणणाऱ्या समीक्षकांशी माझं म्हणूनच जमत नाही.

मराठीतून लिहिणार असाल तर आपली विज्ञानकथा आधी वाचून घ्या, नाहीतर प्रबंधाची भाषा परकी वाटते. आपल्याकडे हा प्रकार पडद्यापेक्षा पानावर वाढला. जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने गेली आणि पहिली आली. ठाण्यात १८९३पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. जुने विज्ञानकथासंग्रह तिथे विचारा.

सरावासाठी घरचीच मालिका घ्या: १९९८ची दूरदर्शनवरची केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम', मिलिंद सोमण यांची. एक छोटा प्रसंग निवडा आणि आवाज बंद करून पाहा. मग पानभर लिहा, व्योमच्या नजरेतून नाही, तर त्याच्यासमोरच्या कोणाच्या तरी. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग तिसऱ्या कोणाच्या नजरेतून. काय दिसेनासं झालं आणि काय नवं दिसलं, त्याच्या नोंदी तिसऱ्या रकान्यात जातील. हे वहीपुरतंच ठेवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रूपांतराचा हक्क हक्कधारकाचा असतो. अभ्यासात, समीक्षेत उतारे देता येतात, पण कादंबरी छापायची किंवा ऑडिओ मालिका करायची तर लेखी परवानगी आधी, लेखन नंतर.