चामडं आणि डेनिम शिवताय? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

‘मशीन चामड्यावर अडतंय, मोठी मोटर बसवू का?’ बॅगांचं काम नव्यानं सुरू केलेला माणूस हा प्रश्न हटकून विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी माल सरकतोय कसा ते बघा, मोटरचं नंतर बोलू.

धारावीतल्या लेदरच्या गाळ्यांत काय किंवा उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत काय, कंपनी कुठलीही असली तरी साध्या सिंगल नीडल मशीनला सर्रास ‘जुकी’च म्हणतात. या मशीनमध्ये माल फक्त खालचे दाते ओढतात. कापडाला ते पुरतं. चामड्यात मात्र खालचा पदर पुढे जातो आणि वरचा पदर फूटला, म्हणजे माल वरून दाबून धरणाऱ्या पायाला, चिकटून मागे राहतो. घरी करून बघा. 30 सेंटीमीटरच्या दोन सारख्या पट्ट्या कापा, एकावर एक ठेवा आणि हातानं न ओढता शिवा. शेवटी वरची पट्टी बाहेर डोकावली, तर तेवढा फरक तुमच्या प्रत्येक बॅगेत पडणार. दुप्पट ताकदीची मोटर लावून तो जात नाही. टेफ्लॉनचा किंवा रोलरचा फूट लावला की कमी होतो, एवढंच. पाकिटं, पट्टे, पातळ लेदर यांना तेवढं चालून जातं. बॅगांचं रोजचं काम असेल तर वॉकिंग फूटचं मशीन घ्या. त्यात दाते, सुई आणि आतला फूट मिळून माल पुढे नेतात. कर्ज काढून घ्यावं लागलं तरी मी हेच सांगेन, कारण खराब झालेलं चामडं परत मिळत नाही. कापडातला टाका उसवता येतो, चामड्यातलं भोक कायमचं राहतं.

जाड सुई घातली आणि दोरा तुटायला लागला

ही चूक मी स्वतः केली आहे. बॅगांची घाईची ऑर्डर होती. मशीनला 16 नंबरची सुई होती, ती काढून 22 नंबरची लावली आणि पेडल दाबलं. ‘टक्’ असा आवाज आला. सुई वाकली आणि हुकच्या, म्हणजे खाली फिरून सुईचा दोरा पकडणाऱ्या भागाच्या, टोकाला बारीक खाच पडली. नंतर पातळ सुई लावली तरी दोरा तुटायचा, कारण त्या खाचेत तो दर टाक्याला घासत होता.

16 नंबरची सुई 1 मिलिमीटर जाड असते, 22 नंबरची 1.4. हुकचं टोक सुईच्या पाठीमागच्या खोलगट भागाजवळून, जेमतेम 0.05 ते 0.1 मिलिमीटर अंतर ठेवून जायला हवं. म्हणजे सुई जाड केली की हुक मागे घ्यावाच लागतो, आणि पुन्हा पातळ सुई लावली की जवळ आणावा लागतो. तो दूरच राहिला तर दोऱ्याचा फास हुकात सापडत नाही आणि टाके सुटतात. सुई बदलल्यावर आधी हातानं चाक फिरवून दोन-तीन टाके घाला. कुठे घासतंय ते बोटांना लगेच कळतं.

सुई मागताना नुसता नंबर सांगू नका, सिस्टीमही सांगा. साध्या जुकीला डीबी बाय वन लागते, वॉकिंग फूटला बहुतेक वेळा डीपी बाय सेव्हन्टीन. दोन्हींची दांडी आणि लांबी वेगळी असते. टोकाकडेही बघा. लेदर पॉइंट चामडं कापत जातो. तीच सुई डेनिमवर लावली तर कापडाचे धागे कापले जातात आणि दोन-चार धुण्यांत शिवण उसवते.

दोऱ्याच्या आकड्यांतही गफलत होते. टेक्स आणि टिकट ही दोऱ्याची जाडी सांगायची दोन वेगळी मापं. टेक्सचा आकडा वाढला की दोरा जाड होतो, टिकटचा आकडा वाढला की बारीक. टिकट 40 म्हणजे साधारण टेक्स 75, टिकट 20 म्हणजे टेक्स 150. फोनवर ऑर्डर देताना नुसतं ‘40 नंबर’ म्हटलं तर काय येईल ते नशिबावर.

क्लच काढून सर्व्हो लावताना

क्लच म्हणजे सतत फिरत राहणारी जुनी मोटर, सर्व्हो म्हणजे पेडल दाबल्यावरच फिरणारी. सर्व्हो लावाच. हळू चालतो, वीज वाचते, कोपऱ्यावर हवं तिथे थांबता येतं. फक्त स्वस्त सर्व्हो अगदी कमी वेगात जोर धरत नाही आणि जाड ठिकाणी अडतो. तिथे मोटरची पुली लहान करा: 90 मिलिमीटरची काढून 45 ची लावली की वेग निम्मा आणि जोर दुप्पट. पट्टाही त्या मापाचा लागेल.

यातलं एक नुकसान फार कमी लोक सांगतात. साधी जुकी वेगासाठी बनवलेली आहे. तिचा तेलाचा पंप वेगावर चालतो. दिवसभर मुंगीच्या पावलानं चालवली, तर वरच्या काचेत तेल उडताना दिसत नाही आणि आतले भाग कोरडे झिजतात. रोज सकाळी दोरा काढून, फूट वर करून, थोडा वेळ मध्यम वेगानं मोकळी चालवा आणि काचेत तेल दिसतंय का ते पाहा.

डेनिमचा गठ्ठा

जीन्सच्या पायाची घडी आतल्या जाड शिवणीवर आली की तिथे 12 पदर होतात: शिवणीचे 4 पदर, घडीचे 3 थर, म्हणजे 4 गुणिले 3. फूट मागे झुकतो, दाते नुसते घासतात आणि एकाच जागी टाके साचतात. लाकडी हातोडीनं गठ्ठा ठोकून सपाट करा आणि फूटच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा. फूट आडवा राहिला की मशीन आपोआप पुढे जातं. वेगात शिवताना पॉलिएस्टरचा दोरा वितळून तुटत असेल, तर दोष दोऱ्याचा नाही, सुई तापतेय. वेग कमी करा.

लेदरवर टाके सुटत असतील तर सुईला हात लावून बघा. चिकट लागली तर पदर चिकटवायचं सोल्युशन ओलं असतानाच शिवलंय. ते पूर्ण सुकू द्या.

जुनं वॉकिंग फूट घ्यायला जाल तेव्हा स्वतःचं चामडं आणि दोरा बरोबर न्या. दुकानात पातळ कापडाच्या दोन पदरांवर सुरेख टाका दाखवतील. तुम्ही तुमच्या सगळ्यात जाड जागेवर 10 टाके पुढे घाला, मग रिव्हर्स दाबून 10 मागे. मागचे टाके पुढच्याच भोकांत पडले तर भाव करायला बसा.