शाळा ठरवण्याआधी वर्गात डोकावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मुलाला सरकारी मराठी शाळेत घालायचं की खासगी इंग्रजीत, हे शेजारपाजारच्यांना विचारून ठरवू नका. दोन्ही शाळा भरलेल्या असताना जा. तिसरीतल्या एखाद्या मुलाला पुस्तकातला धडा वाचायला सांगा, मग कन्नडचाही. अडखळला तरी चालेल, पण अर्थ सांगता येतोय का बघा. कन्नडला कायमचे शिक्षक आहेत का, हे जरूर विचारा. इथे सरकारी नोकरीला कन्नड लागतंच. सरकारी शाळा बहुधा सातवी-आठवीपर्यंत, म्हणून पुढचं मराठी हायस्कूल किती लांब आणि बस किती वाजता, तेही पाहा. खासगीत फी, व्हॅन, युनिफॉर्म धरून दहावीपर्यंतचा हिशेब मांडा. आरटीईवर, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळेत मिळणाऱ्या मोफत जागेवर, विसंबू नका: कर्नाटकात २०१९ पासून जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीत ती जागा मिळत नाही.