स्पर्धेसाठी तीन मिनिटांचं गाणं कसं बांधावं: रोमानियाच्या युरोव्हिजन गायकांकडून घेण्यासारखं

ठाणे आणि नवी मुंबईत गाण्याच्या स्पर्धा वर्षभर चालू असतात, अगदी सोसायटीच्या गणपतीपासून गडकरी रंगायतन, घाणेकर आणि वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहापर्यंत. वेळ मिळते साधारण तीन-चार मिनिटं. तरी बरेच गायक पाच मिनिटांचं गाणं जसंच्या तसं गायला घेतात. दुसऱ्या अंतऱ्याआधीच घंटा होते आणि ज्या जागेसाठी गाणं निवडलं, ती जागा परीक्षकांच्या कानावर पडतच नाही.

युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची दरवर्षी होणारी गाण्याची स्पर्धा. तिथे ही शिस्त नियमातच आहे. गाणं तीन मिनिटांच्या वर जाता कामा नये, मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत, वाद्यं ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेली, आणि मुख्य गायन तिथल्या तिथे. रोमानिया या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला १९९४ साली आणि दोनदा तिसरा आला. २००५ मध्ये कीव्हला लुमिनित्सा आंगेल आणि सिस्तेम हा तालवाद्यांचा गट, २०१० मध्ये ओस्लोला पाउला सेलिंग आणि ओवी. मधल्या २००६ मध्ये अथेन्सला मिहाई त्राइस्तारिउ चौथा आला. ही तिन्ही सादरीकरणं मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बघा आणि लक्षात राहणारी जागा नेमकी कितव्या सेकंदाला येते ते लिहून ठेवा.

लुमिनित्साच्या गाण्यात तेलाच्या पिंपांवरचा ठेका आणि ग्राइंडरच्या ठिणग्या आहेत. पाउला आणि ओवी एकाच दुहेरी पियानोवर समोरासमोर बसतात आणि उत्तरार्धात पाउला एकटी थेट अतितार सप्तकात जाते. मिहाईकडे पल्लेदार आवाज आणि मुखडा इटालियनमध्ये. प्रत्येक गाण्यात अशी एखादीच गोष्ट आहे आणि बाकी सगळं तिच्यासाठी वाट करून देतं. पाउला आणि ओवी ही जोडी २०१४ मध्ये कोपनहेगनला पुन्हा गेली आणि बारावी आली. गायक तेच होते, आवाजही तितकाच तयार होता; कमी पडली ती तशी लक्षात राहणारी एक गोष्ट. म्हणून आपलं गाणं निवडताना आधी एका ओळीत लिहा: ऐकणाऱ्याच्या लक्षात यातलं काय राहणार? ही ओळ लिहिता आली नाही तर ते गाणं स्पर्धेसाठी घेऊ नका, कितीही आवडतं असलं तरी.

आता कापाकापी. समजा टेम्पो ९६ आहे, म्हणजे मिनिटाला ९६ ठोके. चार ठोक्यांचा एक बार अडीच सेकंदांचा होतो, म्हणजे तीन मिनिटांत ७२ बार. त्यांची वाटणी अशी करता येते: सुरुवातीचं संगीत ४ बार, मुखडा दोनदा मिळून १६, मधलं संगीत ४, अंतरा १६, पुन्हा मुखडा ८, मग वाद्यं कमी करून आलाप किंवा संथ जागा ८, शेवटचा मुखडा १२ आणि समारोप २. हे ७० बार झाले, म्हणजे १७५ सेकंद. उरलेले पाच सेकंद राखीव ठेवा. दुसरा अंतरा गेला याचं दुःख करू नका. जड जातं ते सुरुवातीचं संगीत कापणं, आणि तेच आधी कापायला हवं, कारण वीस सेकंद नुसतं उभं राहणाऱ्या गायकाकडे कोणी बघत बसत नाही. काप समेवर घ्या, आणि शब्द संपल्यावर स्वराचा निनाद विरेपर्यंत थांबून मगच कात्री लावा. निनाद मधेच तुटला तर जोड लगेच ऐकू येतो.

पट्टी ठरवताना सगळ्यात जास्त चुका होतात. घरी सकाळी ताज्या गळ्याने पट्टी ठरते आणि गायची वेळ येते रात्री नऊला, एसीत तीन तास बसून. यावर उपाय म्हणजे गाणं न थांबता तीनदा सलग गा आणि तिसऱ्या वेळचा फक्त शेवटचा मुखडा रेकॉर्ड करून ऐका. वरचा स्वर चढा लागतोय, मान ताणली जातेय किंवा शब्दातला 'आ' चपटा होतोय, असं दिसलं तर एक पट्टी खाली या, म्हणजे काळी दोनवरून पांढरी दोन. तरीही जमेना तर आणखी एक. सर्वांत वरच्या स्वराच्याही वर निदान एक पूर्ण स्वर गळ्यात शिल्लक हवा. मात्र तयार करावके ट्रॅक ॲपवर दोन पट्ट्यांपेक्षा जास्त सरकवू नका, तबला-ढोलकीचा आवाज बदलतो आणि बासरी कचकड्याची वाटायला लागते. त्यापुढे जायचं असेल तर अरेंजरकडून (वाद्यसंयोजकाकडून) ट्रॅक नव्याने वाजवून घ्या.

ट्रॅक वेव्ह फाइलमध्ये घ्या. यूट्यूबवरून उतरवलेली एमपीथ्री मोठ्या स्पीकरवर झांजांच्या जागी खरखरते. दोन सेकंद शांतता, मग चार ठोक्यांची मोजणी, मग संगीत, असा ट्रॅक असला की ऑपरेटर आणि तुम्ही दोघंही सावध असता. फाइलच्या नावात क्रमांक, तुमचं नाव, गाणं आणि पट्टी लिहा. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक मोबाइलमध्ये, एक आयोजकांना आधीच पाठवलेली. मोबाइल वापरायची वेळ आलीच तर तो फ्लाइट मोडवर ठेवा आणि हेडफोनच्या पिनचा कनेक्टर स्वतःचा न्या. घरी ॲपवर रेकॉर्ड करताना ब्लूटूथ इअरफोन नको; आवाज उशिरा पोचतो, रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही ठेक्याच्या मागे पडलेले दिसता आणि नसलेली चूक दुरुस्त करत बसता.

नाट्यगृहात मात्र मागे पडायचं कारण खरंच असतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मागची भिंत २० मीटरवर असेल तर तिच्यावर आपटून परतलेला ठेका तुमच्यापर्यंत सुमारे ०.१२ सेकंद उशिरा येतो. ९६ च्या टेम्पोत एक ठोका ०.६२५ सेकंदांचा, म्हणजे ठोक्याच्या जवळजवळ एक पंचमांश. पायाजवळचा मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, बारीक असला की कान त्या परतलेल्या आवाजाच्या मागे जातो आणि गाणं ओढल्यासारखं होतं. साउंड चेकला ऑपरेटरला नीट सांगा, "दादा, मॉनिटरमध्ये ट्रॅक वाढवा, माझा आवाज थोडा कमी चालेल." पुष्कळ जण उलटं मागतात आणि स्वतःच्याच आवाजात ठेका हरवून बसतात.

माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरा, वरच्या स्वराला वीतभर मागे न्या आणि खर्जाला परत जवळ. जाळी मुठीत झाकली तर माइक चोहोबाजूंनी आवाज घ्यायला लागतो आणि शिट्टी सुटते. अंतऱ्यानंतर हात खाली सोडायची सवय असेल तर माइकचं तोंड मॉनिटरकडे जाणार नाही एवढं बघा. पाउलासारखी वरची जागा घेणार असाल तर माइक हलवायचा तो क्षण तालमीतच पक्का करा, नाहीतर स्वर लागतो आणि माइकमध्ये आवाज फाटतो.

युरोव्हिजनच्या अंतिम फेरीत परीक्षक आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीला गुण देतात, टीव्हीवरचा कार्यक्रम होतो दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे तसं नसलं तरी निदान एक तालीम स्पर्धेच्याच कपड्यांत, त्याच चपला-बुटांत, त्याच वेळेला, पाच-सहा माणसांसमोर उभ्याने करा. साडीचा काठ आणि माइकची वायर एकमेकांत अडकते की नाही, हे त्याशिवाय कळत नाही. स्पर्धेच्या दिवशी लोकलमध्ये गप्पा टाळा. रुळांच्या आवाजावर मात करत अर्धा तास बोललं की गळा निम्मा खर्ची पडतो. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांनी कोंडीचा वेळ धरून दीड तास आधी निघावं, कारण साउंड चेक हुकला तर एवढ्या मेहनतीनंतरही अंदाजावरच गावं लागतं.

गाणं स्वतःचं असेल तर गीतकार, संगीतकार आणि अरेंजर यांच्याशी मानधन, श्रेय आणि स्पर्धेनंतर गाणं कुठे टाकायचं हे सही करून ठरवून घ्या. २०१६ मध्ये रोमानियाने ओविदिउ आंतोनला निवडलं होतं, पण तिथल्या सरकारी वाहिनीची देणी थकल्यामुळे युरोपीय प्रसारण संघाने ऐन एप्रिलमध्ये देशालाच स्पर्धेबाहेर ठेवलं. आपल्याकडेही आयोजक तारीख बदलतात, फेरी रद्द करतात. कागद हातात असला तर त्याच आठवड्यात गाणं तुमच्या चॅनेलवर टाकता येतं आणि पुढच्या कार्यक्रमात गाता येतं. मिहाईही चौथा आल्यानंतर थांबला नाही. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, तो नवं गाणं घेऊन देशाच्या निवड फेरीत पुन्हा उभा होता.