‘ऑफिसात चालतंय, घरी नाही’

जुलै २०२१. पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात लागून मला दोन महिने झाले होते. आयटीआय सोलापूरला केलेलं, पगार नऊ हजार, आणि काउंटरवर एकटीने बसायचा तो पहिलाच आठवडा. हडपसरहून एक ताई लॅपटॉप घेऊन आल्या. एका छोट्या ऑफिसात अकाउंट्स बघायच्या. तेव्हा कोविडमुळे ऑफिसं अर्ध्या माणसांवर चालू होती, म्हणून त्या तीन दिवस ऑफिसात, तीन दिवस घरून काम करायच्या. म्हणाल्या, “वायफाय चालत नाहीये. म्हणजे ऑफिसात चालतंय, घरी नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरपण नाही.”

मी जॉबकार्डावर लिहिलं, “वायफाय प्रॉब्लेम”.

त्यांनी रोगाचं निम्मं उत्तर मला तोंडी सांगितलं होतं आणि मी ते कागदावर उतरवलंच नाही. तुम्ही या कामात नव्याने येताय, म्हणून सगळ्यात आधी हे सांगतेय. एअरप्लेन मोड बघणं, राउटर बंद-चालू करणं, ड्रायव्हर टाकणं तुम्हाला येतंच, त्यावर वेळ घालवत नाही. मी जिथे फसले तिथे मात्र जरा थांबून बोलणार आहे.

लॅपटॉप दुकानाच्या वायफायला लावला. पासवर्ड घेतला, पण खाली ‘नो इंटरनेट’. माझ्या फोनच्या हॉटस्पॉटला लावला, तेच. दुसऱ्या मशीनवर नवा ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हने आणला आणि जुन्यावर चढवला, तरी तेच. ताईंच्या घरचं, दुकानाचं आणि माझं, तीन नेटवर्कवर चालत नाही म्हणजे दोष लॅपटॉपचा. इथपर्यंत बरोबर होतं. पण त्यापुढे मी एका उडीत ‘वायफायचं कार्ड उडालंय’ म्हणून मोकळी झाले. चौदाशेचं नवं कार्ड, तीनशे मजुरी. नवं कार्ड बसवलं आणि त्या क्षणी नेट सुरू झालं. ताई खूश, मी खूश. माझं निदान खरं ठरलं असं मला वाटलं, आणि सगळ्यात वाईट हेच झालं. उपाय लागू पडला म्हणून रोग ओळखला, असं नसतं.

सोमवारी दुपारी ताई परत आल्या. “आता घरी चालतंय, ऑफिसात बंद पडलंय. टॅली उघडत नाही. महिनाअखेर आहे हो!”

दुकानातले सीनियर दादा उठून आले. त्यांनी मला एवढंच विचारलं, “जुनं कार्ड कुठंय?” ते ड्रॉवरमध्ये होतं. त्यांनी ते दुकानातल्या एका भंगार लॅपटॉपमध्ये बसवलं. पाच मिनिटांत त्यावर व्हिडिओ चालू झाला. मग तेच कार्ड ताईंच्या लॅपटॉपमध्ये परत बसवलं, आणि ‘नो इंटरनेट’ हजर. त्यांनी रनमध्ये एनसीपीए डॉट सीपीएल टाकलं, वायफायवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ उघडलं. ‘ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली’समोरचा ठिपका नव्हता. खालच्या चौकटींत कुणीतरी हाताने आकडे भरले होते : १९२.१६८.१०.२४, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे, म्हणजे नेटवर्कमधून बाहेर जायचं दार, १९२.१६८.१०.१.

ताईंना विचारलं तेव्हा कळलं, की मागच्याच आठवड्यात ऑफिसात टॅलीचा सर्व्हर बसवायला एक माणूस आला होता आणि त्याने सगळ्यांच्या मशीनवर ‘काहीतरी नंबर टाकले’ होते.

आता हे नीट समजून घ्या. पुस्तकात मीही वाचलं होतं, पण हातात आलं नव्हतं. वायफायचा पासवर्ड चालला म्हणजे फाटकातून आत घेतलं, एवढंच. आत गेल्यावर लॅपटॉपला एक पत्ता लागतो, तो आयपी. घरचं राउटर, फोनचा हॉटस्पॉट, हे पत्ता आपणहून वाटतात. त्या वाटपाचं नाव डीएचसीपी. लॅपटॉप ‘मला पत्ता द्या’ म्हणतो आणि राउटर देतं. पण हाताने पत्ता भरून ठेवला असेल, तर लॅपटॉप मागतच नाही. तो जाईल तिथे ‘मी १०.२४, माझं गेटवे १०.१’ हेच धरून बसतो. ऑफिसात हे गेटवे खरंच आहे, म्हणून चालतं. घरच्या नेटवर्कवर पत्ते १९२.१६८.०.काहीतरी असे आहेत. तिथे १०.१ नावाचं कुणी नाहीच. लॅपटॉप बाहेर जायचा रस्ता विचारतो आणि उत्तर येत नाही.

मग कार्ड बदलल्यावर चाललं कसं? ही खरी मेख. विंडोज हे आकडे त्या-त्या कार्डाच्या नावावर ठेवतं. नवं कार्ड बसवलं की विंडोजच्या लेखी तो नवा अडॅप्टर, आणि त्याची वही कोरी : पत्ता आपोआप घ्या. म्हणून घरी चाललं. ऑफिसात मात्र राउटरवरचं पत्तेवाटप बंद करून ठेवलेलं, सगळं हाताने. तिथे नवं कार्ड पत्ता मागत बसलं, कुणी दिला नाही, आणि लॅपटॉपने स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लावून घेतला. हा १६९.२५४ कुठेही दिसला, की अर्थ एकच : पत्ता मागितला, मिळाला नाही.

हे पकडायला दोन मिनिटं पुरतात. त्याच वायफायवर तुमचा फोन लावा आणि फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये त्याचा आयपी बघा. मग लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल द्या. घरगुती राउटरवर दोघांचे पहिले तीन आकडे बहुतेक वेळा सारखे असतात. फोन १९२.१६८.०.१०५ आणि लॅपटॉप १९२.१६८.१०.२४, असं दिसलं की तिथेच थांबा, स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. त्याच यादीत ‘डीएचसीपी एनेबल्ड’ अशी ओळ असते. तिच्यासमोर ‘नो’ असेल तर कुणीतरी हात लावलाय. कधी आयपी आपोआप असतो, पण डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारा सर्व्हर) तेवढा हाताने भरलेला असतो आणि तो तिथे चालत नाही. तेव्हा ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक, जातं, पण एकही साइट उघडत नाही. तेही याच खिडकीत दुरुस्त होतं.

ताईंचं काम दादांनी कसं सोडवलं तेही सांगते, कारण हे मला कुठल्या क्लासात शिकवलं नव्हतं. नुसतं ‘ऑटोमॅटिक’ केलं असतं तर ऑफिस बंद पडलं असतं. ऑटोमॅटिकवर ठिपका दिला की त्याच खिडकीत वर ‘अल्टरनेट कॉन्फिगरेशन’ नावाचा दुसरा टॅब येतो. ऑफिसचे आकडे तिथे भरले. आता घरी राउटर पत्ता देतं तो घेतला जातो, ऑफिसात कुणी देत नाही म्हणून थोडा वेळ वाट बघून लॅपटॉप हे आकडे वापरतो. दोन्हीकडे चाललं. जुनं कार्डच आत राहिलं, नवं दुकानाच्या साठ्यात गेलं, ताईंचे सतराशे परत केले.

ते सतराशे माझ्या पगारातून दोन महिन्यांत कापले. चूक माझी होती, मान्य. पण दोनच महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या मुलीला काउंटरवर एकटं बसवायचं आणि तिने कार्ड बदलायच्या आधी ‘का बदलतेस?’ असं कुणी विचारायचं नाही, हे मला आजही पटत नाही. तुम्हाला दुकान निवडायची संधी असेल तर पगाराआधी हे बघा, की तिथला सीनियर तुमच्या हातातून माऊस ओढून घेतो की शेजारी बसून विचारतो. पटापट करून दाखवणाऱ्याकडून तुम्ही फक्त त्याचा वेग बघता. दादा त्या दिवशी एका प्रश्नावर थांबले म्हणून मी शिकले. एरवी तेही माऊस ओढणारेच.

त्या दिवसापासून मी जॉबकार्डावर ‘वायफाय प्रॉब्लेम’ लिहित नाही. नेटवर्कची यादीच दिसत नाही, यादी दिसते पण जोडलं जात नाही, जोडलं जातं पण नेट नाही, नेट येतं आणि तुटतं : यातलं कोणतं, ते लिहिते. आणि शेजारी दोन प्रश्नांची उत्तरं : कुठे चालतं? शेवटचं चाललं त्यानंतर कुणी हात लावला? कस्टमरला तांत्रिक भाषा येत नसते, पण तो खोटं बोलत नसतो. त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवा.

यादीच दिसत नसेल तर रोग वेगळा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड आहे का ते बघा. कार्डच गायब असेल तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग चालू करा. बऱ्याचदा कार्ड परत येतं. फक्त एकच नेटवर्क दिसत नसेल, बाकी दिसत असतील, तर ते ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि कार्ड जुनं २.४ वालं आहे का ते तपासा. नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स ही कमांड कार्डाला काय झेपतं ते सांगते. नवीन वायफाय ६ चं राउटर आणल्यावर जुन्या इंटेल कार्डाला ते दिसेनासं होतं, हेही होतं, आणि तिथे खरंच नवा ड्रायव्हर हेच औषध असतं.

कार्ड बदलायचीच वेळ आली तर आधी बॅटरीची पिन काढा. अँटेनाच्या तारांचं टोक मोहरीएवढं असतं. ते ओढायचं नाही, सरळ वर उचलायचं. आणि कार्डाचा नंबर वाचा. इंटेलचं एएक्स २०१ आणि एएक्स २००, एका आकड्याचा फरक. २०१ हे फक्त त्याच्यासाठी बनवलेल्या इंटेलच्या बोर्डावर चालतं, दुसरीकडे बसतं पण चालत नाही.

आता शॉर्टकटबद्दल, आणि इथे मी कडक बोलणार. ‘फॉरमॅट मार’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ताईंचा लॅपटॉप फॉरमॅट केला असता तरी घरी नेट चाललं असतं, ऑफिसात बंदच राहिलं असतं, आणि वर महिनाअखेरीला त्यांच्या फाइली गेल्या असत्या. नेटवर्क रीसेट हा त्याचाच धाकटा भाऊ. तो सेव्ह केलेले वायफायचे सगळे पासवर्ड पुसतो, ऑफिसच्या नेटवर्कला बाहेरून जोडणारं व्हीपीएनही बिघडवू शकतो. करायचाच असेल तर कस्टमरला विचारून, आणि जुने आकडे फोनमध्ये फोटो काढून ठेवून. फुकटचे ड्रायव्हर पॅक माझ्या हाताने मी कुणाच्या मशीनवर टाकत नाही. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगला) हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू आहे का बघा. तो ४८ आकडी रिकव्हरी की मागायला लागला आणि ती कस्टमरकडे नसली, तर वायफायचं दुखणं त्यापुढे काहीच नाही.

घाबरू मात्र नका. विंडोज नवीन टाकलं, वायफायचा ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर आणायला नेट नाही, या कोड्यात पहिल्या महिन्यात तुम्ही अडकणारच. मी संध्याकाळी साडेआठला अशीच अडकले होते, दुकान बंद करायची वेळ झालेली. अँड्रॉइड फोन केबलने लावा, यूएसबी टिदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं, चालू करा. विंडोज त्याला लॅनसारखं धरतं. डेटा केबल मात्र बॅगेत हवी. नुसती चार्जिंगची असेल तर टिदरिंगचं बटण दाबताच येत नाही, आणि हे शोधायला त्या रात्री माझा अर्धा तास गेला होता.

हडपसरच्या ताई नंतरही दोनदा आल्या, एकदा बॅटरीसाठी, एकदा त्यांच्या मुलाचा लॅपटॉप घेऊन. दुसऱ्या वेळी काउंटरवर लॅपटॉप ठेवायच्या आधीच म्हणाल्या, “कॉलेजात चालतंय, घरी नाही. आधी लिहून घे.”