उपाध्यायांच्या वहीतला शक

पेशवाईतल्या एखाद्या घराण्यावर कादंबरी लिहिताय? नाशिकला रामकुंडापाशी त्या घराण्याचे तीर्थोपाध्याय (यात्रेकरूंच्या नोंदी ठेवणारे पुरोहित) कोण, ते विचारा आणि वंशावळीची वही दाखवायची विनंती करा. आडनाव नि मूळ गाव तयार ठेवा. जुनं लिखाण बहुधा मोडीत. वाचणारा सोबत न्या. नावांपेक्षा यात्रेला कोण कोणासोबत आलं ते टिपा, कादंबरीला खरं खाद्य तिथेच मिळतं.

वहीतल्या शकावरून इसवी सन काढताना मात्र जपून. शकात 78 मिळवायचे, पण जानेवारी उजाडला की चैत्रापर्यंत 79. पानिपत शके 1682, पौष शुद्ध अष्टमीचं, म्हणजे 14 जानेवारी 1761. सरसकट 78 धरलेत तर भाऊसाहेब वर्षभर आधीच पडतील! बाजारभावांसाठी 1883 चं नाशिक गॅझेटियर चाळा. फक्त ते भाव पेशवाईला चिकटवू नका.