चे-वाय काढलं की जिवाणू अडकतो कुठे?

बीएस्सीच्या मुलांसाठी हा प्रयोग मी दरवर्षी लावते. चे-वाय हे जिवाणूच्या आतलं निरोप्या प्रोटीन. हा निरोप कसा पोहोचतो, हे प्लेटवर नुसत्या डोळ्यांनी दिसतं, म्हणून माझा त्यावर फार जीव.

200 मिलि पाण्यात 2 ग्रॅम ट्रिप्टोन (जिवाणूंचं खाद्य), 1 ग्रॅम मीठ आणि अगार (जेलीसारखं जमवणारी पूड) फक्त अर्धा ग्रॅम. नेहमीच्या प्लेटला याच्या सहापट लागतं, त्यामुळे हात जड पडतो. वजन दोनदा बघा. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेत) निर्जंतुक केल्यावर बाटली हाताला सोसेल इतकी निवली की प्लेटमध्ये 25 मिलि ओता आणि तासभर हलवू नका. जमल्यावरही ते नुकत्याच लागलेल्या दह्यासारखं थरथरतं.

ही प्लेट उलटी ठेवायची नाही. एका वर्षी कुणीतरी सवयीने सगळ्या उलट्या ठेवल्या. सकाळी अगार झाकणात उतरलेलं.

एका बाजूला वाइल्ड टाइप, म्हणजे काहीही न काढलेला, ई. कोलाय जिवाणू, दुसऱ्या बाजूला चे-वाय जनुक काढलेला. टूथपिक कल्चरमध्ये (वाढवलेल्या जिवाणूंच्या द्रवात) बुडवून अगारात अर्ध्या खोलीपर्यंत टोचा. इन्क्युबेटर 30 अंशांवर ठेवा. 37 ला कशाभिका, म्हणजे पोहायच्या शेपट्या, कमी बनतात.

आठेक तासांनी प्लेट काळ्या कागदावर धरून बाजूने उजेड पाडा. वाइल्ड टाइपभोवती दोन कडी दिसतील: बाहेरचं सेरीन हे अमिनो आम्ल खात पुढे गेलेल्यांचं, आतलं ॲस्पार्टेट या दुसऱ्या अमिनो आम्लवाल्यांचं. दुसरा ठिपका मात्र जागच्या जागी. "मॅडम, याला पोहता येत नाही का?" हा प्रश्न येतोच. तेव्हा त्या कल्चरचा थेंब स्लाइडवर घ्या. तो सुसाट पोहतो, पण सरळच!

पेशीच्या टोकाशी ग्राहक, म्हणजे बाहेरचं अन्न ओळखणाऱ्या, प्रोटीनांचा घोळका असतो. अन्न कमी होऊ लागलं की तिथलं चे-ए हे प्रोटीन चे-वायला फॉस्फेट देतं. ते चे-वाय कशाभिका फिरवणाऱ्या मोटरला जाऊन चिकटतं, मोटर उलटी फिरते, कशाभिकांची जुडी विस्कटते आणि पेशी गिरकी घेते. सेकंदाचा दहावा भाग, तेवढ्यात दिशा बदलते. चे-वाय नसेल तर गिरकीच नाही. मग अगारच्या जाळीतल्या बंद बोळात शिरलेल्या पेशीला बाहेर पडता येत नाही.

चे-झेड जनुक काढलेला स्ट्रेन (वाण) मिळाला तर तोही टोचा. चे-झेड हे प्रोटीन चे-वायवरचं फॉस्फेट काढून टाकतं. ते नसलं की पेशी सतत गिरक्याच घेते. हा ठिपकाही लहान राहतो, कारण मात्र नेमकं उलटं. दोन्ही ठिपके मुलांपुढे शेजारी ठेवा, कारण त्यांनाच विचारा आणि स्लाइड त्यानंतर दाखवा.