रात्रीच्या बागेसाठी दिवे निवडताना

बागेत रात्री उजेड हवा म्हणून कंपाउंडवर प्रखर फ्लडलाइट लावून सारे आवार लख्ख करू नये. तशाने सावल्या नाहीशा होऊन बाग सपाट दिसते. त्याऐवजी एखादा जुना चाफा किंवा फणस निवडावा आणि त्याच्या बुंध्यापासून दोन-तीन फुटांवर, बघणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जाणार नाही अशा बेताने, खालून वर झोत टाकणारा छोटा एलईडी दिवा बसवावा. प्रकाश 2700 ते 3000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर असावा. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे अधिक जमतात.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात खरी कसोटी पावसाची असते. जमिनीलगतच्या दिव्यांभोवती पाणी साचत असल्याने तेथे आयपी67 दर्जाचेच, म्हणजे धूळ आणि पाणी आत न शिरणारे दिवे घ्यावेत, तारा पाइपातून न्याव्यात, शक्यतो 12 व्होल्टची जोडणी करावी आणि मुख्य पुरवठ्यावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून आवर्जून बसवून घ्यावा. सौरदिवे पायवाटेपुरते ठीक आहेत, परंतु आषाढ-श्रावणातील ढगाळ दिवसांत ते पुरेसे चार्ज होत नाहीत. दिव्यांना टायमर जोडून रात्री दहानंतर ते बंद होऊ द्यावेत, कारण रातराणीवर येणाऱ्या पतंगांना अंधार लागतो.